इंग्रजी शिकताना मराठी डोकं नेमकं कुठे अडतं?

कानामात्रा

नमस्कार मंडळी. मोठेपणी इंग्रजी शिकायला घेतलेल्या माणसांना मी शिकवते. वर्गात एक गोष्ट सतत दिसते. चुका कुठेही, कशाही होत नाहीत. त्या ठरावीक जागी होतात, आणि बहुतेक वेळा त्या जागा आपल्या मराठीने आखून दिलेल्या असतात. व्याकरणाच्या पुस्तकात नियम असतो, पण आपण नेमके का अडखळतो ते नसतं. म्हणून हा धागा. तुम्हाला कुठे अडतं ते लिहा, एकेक गाठ सोडवू.

सुरुवात 'पर्यंत'पासून करते. 'सोमवारपर्यंत अहवाल पाठव' आणि 'सोमवारपर्यंत इथेच थांब' ही दोन वाक्यं बघा. मराठीला दोन्हीकडे एकच 'पर्यंत' पुरतं. इंग्रजीत पहिल्याला 'बाय मंडे' आणि दुसऱ्याला 'अंटिल मंडे'. पाठवणं हे एकदाच होऊन संपणारं काम आहे. शुक्रवारी झालं तरी चालेल, फक्त मुदत उलटायला नको. थांबणं ही सलग चालणारी स्थिती आहे, ती सोमवार येईस्तोवर तुटता कामा नये. 'सेंड द रिपोर्ट अंटिल मंडे' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, सोमवार उजाडेपर्यंत अहवाल पाठवतच राहायचाय.

'पासून'चंही असंच. 'जूनपासून' आणि 'दोन वर्षांपासून' दोन्ही मराठीत बिनतक्रार चालतात. इंग्रजी मात्र विचारते, तुम्ही सुरुवातीचा क्षण सांगताय की काळाची लांबी? क्षण असेल तर 'सिन्स जून', लांबी असेल तर 'फॉर टू इयर्स'. 'सिन्स टू इयर्स' ही मराठी माणसाची अगदी सहीसारखी चूक आहे. त्यातच दुसरी गाठ दडलेली असते. 'मी इथे दोन वर्षांपासून काम करतोय' यात आपलं क्रियापद वर्तमानकाळी, म्हणून आपण 'आय ॲम वर्किंग' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीला मागून इथपर्यंत ओढलेली रेघ क्रियापदातही दाखवायची असते, म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'.

टिपणवही

फार छान धागा. 'अंटिल'बद्दल एक शंका. 'ही वोन्ट कम अंटिल मंडे' म्हणजे तो सोमवारी येणार की येणारच नाही?

कानामात्रा

@टिपणवही, सोमवारी येणार, त्याआधी नाही. 'न येणं' ही स्थिती सोमवारपर्यंत सलग चालते आणि तिथे संपते. मराठीत 'तो सोमवारपर्यंत येणार नाही' म्हटलं की पुढचं थोडं मोघम राहतं. इंग्रजी वाक्य ऐकणारा माणूस मात्र सोमवारी त्याची वाट बघेल.

सरळरेघ

मला 'अ', 'ॲन' आणि 'द' यांचा कायमचा त्रास आहे. नियम पाठ आहेत, परीक्षेत गाळलेल्या जागा भरता येतात, पण लिहायला बसलं की सगळं विस्कटतं. मराठीत ही भानगडच नाही, मग मेंदूला सवय लागणार कशी?

कानामात्रा

@सरळरेघ, शब्द नाहीत हे खरं, पण भानगड मराठीतही आहे. ती वेगळ्या जागी बसलेली आहे. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा :

आम्ही डॉक्टर शोधतोय.
आम्ही डॉक्टरांना शोधतोय.

पहिल्यात कोणीही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात एक ठरावीक डॉक्टर आहेत, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेले, फक्त आत्ता सापडत नाहीयेत. पहिलं वाक्य इंग्रजीत 'अ डॉक्टर', दुसरं 'द डॉक्टर'. हा फरक तुम्हाला कोणी शिकवला नव्हता, तरी तो कधी चुकत नाही. जे काम इंग्रजी 'द' लावून करते तेच इथे आपण 'ना' लावून केलं.

गोष्टी आठवा. 'आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा राजा येतो तेव्हा 'एक राजा', म्हणजे 'अ किंग'. लगेच पुढच्या वाक्यात ओळख झालेली असते, म्हणून नुसतं 'राजाला', म्हणजे 'द किंग'. हे योगायोगाने जुळत नाही. इंग्रजीतला 'अ' किंवा 'ॲन' हा मुळात 'एक' या अर्थाच्या जुन्या शब्दाचाच झिजलेला अवशेष आहे, आणि 'द' हा 'दॅट'च्या कुळातला. म्हणजे 'एक राजा' आणि 'तो राजा'.

मग लिहिताना विस्कटतं का? तर 'ला', 'ना' लावून ठरावीकपणा दाखवायची सोय मराठीत मुख्यतः सजीवांना आहे. 'पुस्तक वाचलं' यात कुठलं तरी पुस्तक की तेच ते, हे शब्दांवरून कळत नाही, संदर्भावरून कळतं. त्यामुळे वस्तूंच्या बाबतीत आपण सर्वांत जास्त चुकतो. तिथे स्वतःला एकच प्रश्न विचारा : ऐकणाऱ्याला 'कुठलं?' असं विचारावं लागेल का? लागणार नसेल तर 'द'. 'दार लाव' म्हटल्यावर कोणी 'कुठलं दार' विचारत नाही, म्हणून 'क्लोज द डोअर'. या एका प्रश्नाने सगळं सुटत नाही. नद्यांना 'द' आणि एकेकट्या डोंगराला बहुधा नाही, असले प्रकार पाठच करावे लागतात. पण रोजच्या लिखाणातला मोठा भाग या प्रश्नात बसतो.

स्वल्पविराम

'अ' की 'ॲन' यासाठी माझी एक युक्ती. पुढचा शब्द देवनागरीत लिहून बघा. सुरुवात स्वराने झाली तर 'ॲन', व्यंजनाने झाली तर 'अ'. 'अवर' म्हणजे तास, लिहिताना 'अ'ने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर', रोमन लिपीत पुढे 'एच' असला तरी. 'युनिव्हर्सिटी' 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'एमबीए' 'ए'ने, म्हणून 'ॲन एमबीए'. इंग्रजी स्पेलिंग फसवतं, आपली लिपी सहसा फसवत नाही.

टिपणवही

+१, ही वहीत गेली.

मुद्रितशोधक

लिखाण तपासण्याचं काम करतो, त्यामुळे माझ्या वाट्याला स्पेलिंगच्या जोड्या जास्त येतात. वारंवार दिसणाऱ्या तीन लिहितो.

अफेक्ट आणि इफेक्ट. 'ए'ने सुरू होणारा बहुतेकदा क्रियापद, 'ई'ने सुरू होणारा बहुतेकदा नाम. पावसाने पिकावर परिणाम केला, तिथे 'ए'. परिणाम दिसला, तिथे 'ई'. 'बहुतेकदा' म्हणायचं कारण असं की 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतो आणि तेव्हा अर्थ पार वेगळा होतो : घडवून आणणे. 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणे. 'अफेक्ट अ चेंज' लिहिलं तर आधीच चाललेल्या बदलावर परिणाम करणे असा अर्थ होईल. करारात किंवा ठरावात ही एका अक्षराची चूक महागात पडू शकते.

'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स'. ब्रिटिश पद्धतीत नामाला 'सी', क्रियापदाला 'एस'. उच्चार एकच असल्याने कानाची मदत होत नाही. मदत होते ती 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' या जोडीची. तिथे फरक ऐकू येतो, नामात 'स' आणि क्रियापदात 'झ', आणि अक्षरांची वाटणीही तीच. अमेरिकन पद्धतीत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी'ने आणि 'लायसन्स' दोन्हीकडे 'एस'ने लिहितात. कुठलीही पद्धत घ्या, फक्त एका मजकुरात दोन्ही मिसळू नका.

तिसरी जोडी 'इट्स'ची, अपॉस्ट्रॉफीसह आणि त्याशिवाय. नामाला मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी लागतो, म्हणून सर्वनामालाही लागेल असं वाटणं साहजिक आहे. पण 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांतल्या एकालाही तो नाही, तसाच मालकीच्या 'इट्स'लाही नाही. अपॉस्ट्रॉफी दिसला की ते 'इट इज' किंवा 'इट हॅज' समजायचं.

सरळरेघ

हे सगळं ठीक, पण मुळात इंग्रजी स्पेलिंगला काही धरबंदच नाही. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यात 'बी' कशाला? 'नाइट' म्हणजे सरदार, त्यात 'के' आणि 'जीएच' कशाला? 'दो', 'थ्रू', 'टफ', 'कॉफ' या सगळ्यांच्या शेवटी तेच चार 'ओयूजीएच'. शिकणाऱ्याने कशाच्या भरवशावर शिकायचं?

मुद्रितशोधक

@सरळरेघ, तुमचा वैताग रास्त आहे, पण यामागे कारणं आहेत, आणि कारण कळलं की पाठ करणं सोपं जातं असा माझा अनुभव आहे.

पूर्वी 'नाइट'मधला 'क' बोलला जायचा आणि 'जीएच'ला घशातून येणारा उच्चार होता. स्पेलिंग त्या काळच्या तोंडाला धरून होतं. मग साधारण 1400 ते 1700 या काळात इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले. आज आपण 'नेम' म्हणतो त्याचा उच्चार आधी 'नाम'च्या जवळचा होता, 'बाइट'चा 'बीट'च्या जवळचा. म्हणजे 'ए' अक्षर 'आ' आणि 'आय' अक्षर 'ई', जसं आपण रोमन लिपीत मराठी लिहिताना आजही वापरतो. याच दरम्यान, 1476 मध्ये, विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला. छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि उच्चार पुढे निघून गेला.

'डेट'मधल्या 'बी'ची कथा वेगळी. फ्रेंचमधून तो शब्द आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिन 'डेबिटुम'शी असलेलं नातं दिसावं म्हणून शिकलेल्या मंडळींनी तो नंतर घातला. तो इंग्रजांनी उच्चारला नाही, आपणही उच्चारू नये. 'डेबिट' हा शब्द आठवला की 'बी' विसरत नाही.

'ओयूजीएच'साठी मात्र माझ्याकडे काही तोडगा नाही. ते शब्द एकेक करून कानाने आणि डोळ्याने ओळखीचे करावे लागतात.

उंबरठा

मला उच्चाराबद्दल विचारायचंय. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांतला फरक मला ऐकूच येत नाही. मराठीत एकच 'व'.

स्वल्पविराम

@उंबरठा, 'व्ही'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. 'डब्ल्यू'ला दात कुठेच येत नाहीत, 'उ' म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू होतो आणि लगेच उघडतो. आरशासमोर करून बघा, आधी दिसेल आणि मग ऐकू येईल. शिवाय मराठीत उसने शब्द लिहिताना आपण बहुधा फरक पाळतोच : 'व्हॅन', 'व्होट', 'व्हिसा' यांना 'व्ह' आणि 'वॉटर', 'वॉच', 'वॉर्ड' यांना 'व'. सावध राहायचं ते 'व्हाइट', 'व्हील' अशा शब्दांत. त्यांत मुळात 'डब्ल्यूएच' आहे, आपण फक्त लिहितो 'व्ह'. तिथे दात ओठाला लावायचे नाहीत.

पाऊलवाट

थोडा विरोधी सूर लावतो. कानामात्रा ताई, तुम्ही प्रत्येक गोष्ट मराठीशी ताडून समजावताय. त्याने मनातल्या मनात भाषांतर करायची सवय घट्ट होणार नाही का? मी भाषा शिकलो ती ऐकून आणि वाचून. नियमांच्या आणि तुलनेच्या नादी लागलेले माझे बरोबरीचे लोक आजही बोलताना अडखळतात, कारण वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधी ते आत तपासत बसतात.

कानामात्रा

@पाऊलवाट, बोलण्याचा वेग ऐकण्यातूनच येतो, हे शंभर टक्के मान्य. तुलना करत करत कोणी बोलू शकत नाही आणि बोलूही नये. पण वर्गात येणारी बरीच माणसं वर्षानुवर्षं इंग्रजी ऐकत आणि वाचत आलेली असतात, तरी 'सिन्स टू इयर्स' जात नाही. कारण त्यांच्या कानाला तिथे काही चुकतंय असं वाटतच नाही. मराठीचा साचा इतका गुळगुळीत बसलेला असतो की 'फॉर' हजारदा ऐकूनही नोंदला जात नाही. तुलना करायची ती एकदाच, आपण कुठे बहिरे आहोत ते कळावं म्हणून. त्यानंतर ऐकणं आणि वाचणंच. माझ्या विद्यार्थ्यांना 'पर्यंत'चा फरक दाखवला की पुढच्या आठवड्यात ते सांगत येतात, आता 'बाय' सगळीकडे दिसायला लागला.

पाऊलवाट

हे पटलं. मग यात माझीही एक भर. आपल्याकडे जोडशब्द जोडीनेच फिरतात : जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. एक आला की दुसरा यायलाच हवा, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. म्हणून मग 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड'. इंग्रजीत दोघांपैकी एकच पुरतो. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा.

त्याला लागूनच, 'जर', 'जेव्हा'च्या वाक्यात भविष्यकाळ घालायचा मोह होतो. 'तो येईल तेव्हा सांगेन' वरून 'व्हेन ही विल कम'. बरोबर आहे 'व्हेन ही कम्स, आय विल टेल यू'. खरं तर मराठीतही आपण 'तो आला की सांगते' म्हणतो, म्हणजे यायचा असलेला माणूस भूतकाळात टाकतो आणि कोणाचा गोंधळ होत नाही. इंग्रजी त्याच कामाला साधा वर्तमानकाळ वापरते, इतकंच.

उंबरठा

'यूज्ड टू'चं पण सांगा कोणीतरी. कधी पुढे साधं क्रियापद, कधी 'आयएनजी'.

टिपणवही

मी सांगू का? 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणजे पूर्वी लवकर उठायचो, आता उठत नाही. 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' म्हणजे लवकर उठायची सवय आहे, आजही. दुसऱ्या वाक्यातल्या 'टू'नंतर नामही बसतं, 'यूज्ड टू द नॉइज' म्हणजे गोंगाटाची सवय. जिथे 'टू'नंतर नाम चालतं तिथे क्रियापद आणायचं झालं तर 'आयएनजी' लावून. 'लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' यात 'मीट' नसून 'मीटिंग' आहे तेही याच कारणाने.

कानामात्रा

वा टिपणवही, अगदी नेमकं.

सरळरेघ

माझी शेवटची आणि सर्वांत जुनी अडचण. 'लाय' आणि 'ले'. अंथरुणावर पडणे आणि वस्तू ठेवणे. भूतकाळात गेलो की दोन्ही एकमेकांत घुसतात. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही यात चुकतात म्हणे.

कानामात्रा

हो, तेही चुकतात, आणि सर्रास. पण आपल्याकडे ही जोडी समजून घ्यायची खास सोय आहे. मराठीत 'पडणे' आणि 'पाडणे', 'मरणे' आणि 'मारणे', 'तुटणे' आणि 'तोडणे'. आपोआप होणं आणि दुसऱ्याकडून घडवणं, आतला स्वर बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीतही हीच युक्ती एके काळी जिवंत होती, आज तिचे चार-दोन नमुने उरलेत. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे मुळात बसवणे. 'राइज' म्हणजे वर येणे आणि 'रेज' म्हणजे वर उचलणे. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे, हुबेहूब आपलं 'पडणे-पाडणे'. तशीच 'लाय' आणि 'ले' : आडवं असणं आणि आडवं ठेवणं.

आता घुसाघुशी का होते ते बघा. 'फॉल'चा भूतकाळही 'फेल' आणि झाड पाडण्याचं क्रियापदही 'फेल'. तसंच 'लाय'चा भूतकाळ 'ले' आणि ठेवण्याचं क्रियापदही 'ले'. साध्या क्रियापदाचा भूतकाळ नेमका घडवणाऱ्या क्रियापदाच्या रूपावर येऊन बसतो. म्हणून तिन्ही रूपं एका दमात म्हणून ठेवायची : पडून राहण्यासाठी 'लाय, ले, लेन', ठेवण्यासाठी 'ले, लेड, लेड'. 'काल तो दिवसभर पडून होता' हे 'ही ले इन बेड ऑल डे'. 'तिने पुस्तक टेबलावर ठेवलं' हे 'शी लेड द बुक ऑन द टेबल'. शंका आली तर बघा, कोणी काही ठेवतंय का? ठेवली जाणारी वस्तू वाक्यात असेल तर 'ले, लेड'. खोटं बोलण्याचं 'लाय' तिसरंच, त्याचा भूतकाळ सरळ 'लाइड', त्याला या भांडणात ओढू नका.

सरळरेघ

'पडणे-पाडणे'ने डोक्यात बसलं. मनापासून आभार. इतकी वर्षं तक्ता पाठ करत होतो.

मुद्रितशोधक

कर्मावर बोट ठेवायची ही चाचणी 'राइज' आणि 'रेज'लाही तशीच लागू पडते. किमती आपोआप वाढल्या तर 'रोझ', दुकानदाराने वाढवल्या तर 'रेझ्ड'.

उंबरठा

अजून एक राहिलं. फोनवर कोणी विचारलं, 'यू आर नॉट कमिंग?' आणि मला जायचं नसेल, तर 'येस' म्हणायचं की 'नो'? दर वेळी समोरचा पुन्हा विचारतो.

स्वल्पविराम

'नो'. मराठीत 'येणार नाहीस ना?' याला आपण 'हो, नाही येणार' म्हणतो, म्हणजे विचारणाऱ्याच्या अंदाजाला दुजोरा देतो. इंग्रजीत विचारणाऱ्याचा अंदाज बाजूला ठेवून आपल्या क्रियापदाकडे बघायचं. येणार असाल तर 'येस, आय ॲम', नसाल तर 'नो, आय ॲम नॉट'. नुसता 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नका, मागचे दोन-तीन शब्द जोडा. मग समोरच्याला पुन्हा विचारावं लागणार नाही.